पंख्याने हाकायचा ढग

मित्रांनो, मी एक जुने खेळाचे यंत्र आहे. जुन्या यंत्रांची भावंडे कुठे ना कुठे सापडतात, एखाद्या गोदामात, एखाद्या हौशी माणसाच्या घरात. माझे तसे नाही. माझ्यासारखे एकच बनले, ते मी. म्हणून माझी हकिकत मलाच सांगायला हवी.

माझ्या पोटातला खेळ असा होता. पडद्यावर डोंगरउतारावरचे एक गाव. घराघरांच्या सज्ज्यांत कपडे वाळत घातलेले. वर आभाळात एक लहानसा ढग. माझ्या पडद्याखाली जाळी होती आणि जाळीमागे हलकी पाती. तुम्ही हातपंख्याने वारा घातला की पाती फिरत आणि ढग सरके. जोराने घातला तर ढग फाटे. थांबलात तर तो खाली खाली येई, एखाद्या कौलावर टेके आणि झोपी जाई. तिथे खेळ संपे. पण बेताने, हळुवार वारा घालत राहिलात तर ढग तरंगत राही, आणि त्याची सावली ज्या सज्ज्यावर पडे तिथली माणसे उन्हातून सुटल्यासारखी आपल्या कामाला लागत. कोणी कलिंगड कापी, कोणी चादर झटकी, एक म्हातारा आरशापुढे टोप्या घालून बघे. बस्स, एवढेच. गुण नव्हते, शत्रू नव्हते.

हे सुचले कुवाबारा मिसुझुला. ओसाकाच्या पूर्वेला, खाली स्क्रूचा कारखाना आणि वर आमची कंपनी, अशा इमारतीत ती काम करी. तिच्या टेबलाला लागून खिडकी होती आणि समोर दुसऱ्या इमारतीचे सज्जे. उन्हाळ्यात त्या सज्ज्यांवरून ढगाची सावली गेली की तिचा हात कामावरून उठे. बाकीचे लोक माजाँग या सोंगट्यांच्या डावाचे आणि मारामारीचे खेळ बनवत. तीही बनवी. पण वर्षातून एकदा कोणीही नवी कल्पना मालकांपुढे मांडावी अशी तिथली पद्धत होती, आणि त्या वर्षी ती उठली.

मालक होते त्सुजिमोतो. त्यांना सगळे शाचो म्हणत. त्या दिवशीचे बोलणे मी प्रत्यक्ष ऐकले नाही, पण मला जोडताना कारागिरांनी ते इतक्या वेळा हसत हसत सांगितले की मला पाठ झाले.

"याच्यात मरतं कोण?" शाचोंनी विचारले.

"कोणी नाही."

"बरं. जिंकतं कोण?"

"कोणी नाही."

"मग संपतो कसा?"

"हात दुखला की."

शाचो चहा सांडेपर्यंत हसले. "अगं कुवाबारा, आपण खेळ विकतो की मालिशवाल्याला गिऱ्हाईक पुरवतो?"

विक्री सांभाळणारे हामाओका मात्र हसले नाहीत. "मला आवडला," ते म्हणाले. "म्हणूनच भीती वाटते, शाचो. मला आवडलेलं आजवर काही खपलेलं नाही."

तरी शाचोंनी होकार दिला. कारण त्यांनी सांगितले ते असे: "सगळे करतात तेच आपण करतो, आणि तेही सगळ्यांच्या मागून करतो. एकदा पुढं जाऊन पडून बघू." पण एक गोष्ट त्यांनी स्पष्ट केली. आधी मला एकट्याला बनवायचे आणि गेम सेंटरमध्ये लोकांपुढे ठेवायचे. पैसे आले तर माझी भावंडे बनणार. नाही आले तर माझ्या बोर्डावरून ढग पुसून तिथे माजाँग भरणार.

असे मी घडले. माझी पाती एका कारागिराने तांदळाच्या कागदाइतकी पातळ कापली. हातपंखा पंख्यांसाठी नावाजलेल्या मारुगामेहून आला, बांबूचा, आणि कोणी घेऊन जाऊ नये म्हणून तो दोरीने माझ्या कडेला बांधला. चादर फडफडल्याचा आवाज हवा होता, तेव्हा मिसुझुने घरची चादर आणली आणि जिन्यात दोन बाजूंनी धरून ती आणि हामाओका ती झटकत राहिले. खालून स्क्रूवाले ओरडले, "वर काय धोबीघाट काढलाय का?" तो आवाजही ध्वनिमुद्रणात आला होता. तिने तो तसाच ठेवला. गावातला कोणीतरी ओरडतोय असेच वाटे.

ऑगस्टमध्ये मला ओसाकातल्याच तेन्नोजीजवळच्या एका गेम सेंटरमध्ये उभे केले. तिथले व्यवस्थापक एनोकी, जाड चष्म्याचे, कोणाचीही भीड न ठेवणारे. अशी चाचणी चालू असताना खेळ बनवणाऱ्यांनी गिऱ्हाईक असल्यासारखे जवळपास उभे राहायचे आणि लोकांचे हात, चेहरे, पाय बघायचे, हा आमच्या धंद्यातला रिवाज. मिसुझु खांबाच्या आड थंड चहाचा डबा घेऊन उभी राही. तो चहा तिथेच गरम होऊन जाई.

सुरुवातीला लोक माझ्यापुढून नुसते जात. माझ्या कपाळावर ढगाचे चित्र होते. कोणाला वाटे मी हवामान सांगणारे यंत्र आहे. मग एका दुपारी भाजीची पिशवी घेतलेल्या एक ओबाचान, म्हणजे मावशीबाई, गारव्यासाठी आत शिरल्या.

"हे काय? वारा घालायचा, आणि वर पैसेही आपणच द्यायचे?" त्या मोठ्याने म्हणाल्या. पण नाणे टाकले. पंखा हलवला. ढग सरकला. सावली एका सज्ज्यावर गेली आणि तिथल्या बाईने उशी उलटी केली.

"अगं बाई, आत्ता कुठं जाग आली हिला!" मावशी पडद्याशी बोलू लागल्या. "चादर बघ, चादर. एका टोकाला ओलीच आहे. थांब, मी आणते वारा."

त्या हलेनात. मागे माणसे जमली. कोणी कपड्यांच्या दुकानात काम करणारा चष्मेवाला, कोणी कॉलेजच्या मुली, एक घामेजलेला विमा विकणारा. ढग एका कौलाकडे उतरू लागला की सगळे "अरे, अरे!" करत. आणि त्या गर्दीत मिसुझुच्या ध्यानीमनी नसलेली गोष्ट घडली.

ओसाकाच्या उन्हाळ्यात रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पंखा असतो. बँका वाटतात, मोबाइलवाले वाटतात, पाचिंको नावाच्या जुगाराचे अड्डेवाले वाटतात, प्लास्टिकच्या दांड्याचे, जाहिरात छापलेले, फुकट. आणि मिसुझुने मला पंखा ओळखायला नव्हते शिकवले, वारा ओळखायला शिकवले होते. मावशींचा हात भरून आला तेव्हा विमावाल्याने मागून आपला पंखा हलवला. ढग वर उचलला गेला. सगळे ओरडले. मग मुलींनी हलवला, दुकानवाल्याने हलवला. मावशी हुकूम सोडू लागल्या: "डावीकडच्यांनी हळू! ए चष्मेवाल्या, फाडशील ढग माझा!"

मित्रांनो, तशी दुपार मला पुन्हा मिळाली नाही. अनोळखी माणसे एका लयीत पंखे हलवत होती आणि गाव त्यांच्या वाऱ्यावर जागत होते. ढग झोपतच नव्हता. माझ्या पोटात मात्र एकच नाणे पडलेले होते.

रोज तेच झाले. गेम सेंटरमधली सगळ्यात मोठी गर्दी माझ्यापुढे, आणि सगळ्यात रिकामी पेटी माझीच. एनोकी मिसुझुला खांबाआडून बाहेर घेऊन आले.

"कुवाबारा-सान, लपू नका, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. हे यंत्र मी घरी नेईन इतकं मला आवडलंय. पण हे दुकान आहे. तुमच्या गर्दीमुळं शेजारच्या यंत्रापर्यंतही कोणी पोचत नाही."

मला दोन दिवस कंपनीत परत नेले. हामाओकांनी उपाय सांगितला, आणि तो चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. जाळीवर काच बसवायची, दोरीच्या पंख्यापुढे तेवढी फट ठेवायची, म्हणजे दोरीच्या पंख्याखेरीज दुसरा वारा आत जाणार नाही. आणि तीन मिनिटे झाली की वीज कडाडून पाऊस पाडायचा, खेळ संपवायचा. आमच्या धंद्यात एका नाण्याला तीन मिनिटे हाच हिशेब चालतो.

"वाळत घातलेल्या कपड्यांवर पाऊस?" मिसुझु म्हणाली.

"खाली स्क्रूवाल्यांना सोडून वर किती माणसं पोट भरतात ते तुला ठाऊक आहे," हामाओका म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला पाऊस नकोय, कुवाबारा. मला हा खेळ दुकानांत उभा राहिलेला बघायचाय."

तिने पाऊस लिहिला. स्वतः लिहिला, दुसऱ्याला हात लावू दिला नाही. माझ्या बोर्डाच्या एका कोपऱ्यात जुना खेळ तिने राहू दिला आणि वरून नवा बसवला. मी पुन्हा तेन्नोजीला गेले.

पेटी भरू लागली. हे मला नोंदवलेच पाहिजे. लोक येत, तीन मिनिटे खेळत, वीज पडे, हसत, पुढचा येई. हामाओका खूश होते आणि त्यांचे तसे असणे रास्त होते. मग मावशी दोन मैत्रिणींना घेऊन आल्या. "आता बघा हं गंमत," म्हणत त्यांनी नाणे टाकले. गाव जागे होऊ लागले. मैत्रिणींनी आपले पंखे बाहेर काढले, पण काचेवर वारा आपटून परत गेला. "आमचं काहीच लागत नाही गं," एक म्हणाली. तेवढ्यात वीज कडाडली. साऱ्या सज्ज्यांवर पाऊस कोसळला.

मावशींनी पंखा खाली ठेवला. "हं," त्या म्हणाल्या. "वाळत आलं होतं की." मग खांबाजवळ उभ्या मिसुझुकडे लक्ष गेले, तिला ओळखत नसतानाही पिशवीतली गोड गोळी काढून तिच्या हातावर ठेवली. "तोंड का पाडलंयस? घे, चघळ. मशीन बिघडलंय बहुतेक."

चाचणीत मी उत्तीर्ण झाले. त्या आठवड्यात शाचोंनी मला उघड्या कार्यालयात मधोमध ठेवून सगळ्यांना बोलावले. मिसुझुने सरळ सांगितले, "शाचो, पास झालाय तो माझा खेळ नाही."

"मी खेळलो दोन्ही," शाचो म्हणाले. "पावसाचा विकला जाईल. एक उन्हाळा. मग लोक म्हणतील, कसला तरी पंख्याचा होता. बिनपावसाचा लोक विसरणार नाहीत, पण आपण बुडू. तू सांग. तुझा आहे."

तिच्या एका शब्दावर सगळ्यांचा वर्षअखेरचा बोनस अवलंबून होता, तिचा स्वतःचासुद्धा. मिसुझुने सगळ्यांकडे पाहिले आणि म्हणाली, "मला दोन्हीही विकायचे नाहीत. माजाँगचा नवा खेळ मी वेळेआधी करून देईन. नुकसान भरून काढीन. पण हा पुसू नका."

कोणीतरी कुरकुरले. शाचोंनी हात वर केला. "पुसायचा नाही. पण इथंही ठेवायचा नाही. रोज दिसला तर मला पुन्हा मोह होईल."

हामाओकांनी एनोकींना फोन लावला. मी घरी नेईन, असे ते बोलून गेले होते.

"घरी कसला," एनोकी म्हणाले, "बायको मला बाहेर ठेवील. पण वाकायामात माझ्या सासऱ्यांचं गरम झऱ्याचं स्नानगृह आहे. तिथं लोक वेळ घालवायलाच येतात."

मिसुझुने काच स्वतः उचकटली, पाऊस काढून टाकला, आणि नाण्याच्या फटीवर पितळी पट्टी ठोकली. तिने उरलेला उन्हाळा आणि पुढचे दोन उन्हाळे माजाँगचा खेळ बनवण्यात घालवले. वेळेआधी करून दिला, बोलली होती तसा.

या स्नानगृहात मी अनेक वर्षे आहे. अंघोळ करून लाल झालेली माणसे सुती युकाता नेसून माझ्यापुढे बसतात, एकमेकांना कोपर मारून पंखा मागतात, आणि वाफेत ढग कुठे संपतो आणि खोली कुठे सुरू होते ते मलाच कळेनासे होते. नाणे टाकायला जागा नाही म्हणून लोक माझ्या डोक्यावर मिकान, म्हणजे संत्री, ठेवून जातात. नव्या यंत्रांची लाट आली तेव्हा काही वर्षे माझ्यावर टॉवेल ठेवले गेले. मी तक्रार करत नाही. टॉवेलही कुठेतरी ठेवायलाच हवेत.

मागच्या हिवाळ्यात माझी चित्रनळी गेली. पडद्यावर राखेसारखे काही तरी उरले. भंगारवाला आला, त्याने मला ठोकून पाहिले. आता हे स्नानगृह सांभाळणाऱ्या, एनोकींच्या पत्नी काओरी त्याच्याशी बोलत होत्या, तेवढ्यात पाठ शेकायला येणारे ओकिनो नावाचे निवृत्त टीव्ही दुरुस्त करणारे पुढे झाले.

"याच्या मापाची नळी मिळत नाही आता," भंगारवाला म्हणाला.

"मिळते," ओकिनो म्हणाले. "माझ्या घरी आहे. टीव्हीत."

"आणि तुम्ही काय बघणार?"

"हे बघणार. रोज फुकट बघतोय एवढी वर्षं."

त्यांनी ती नळी पोत्यात गुंडाळून आणली आणि तीन दुपारी माझ्या पाठीत डोके घालून बसले. घरच्या टीव्हीची नळी माझ्याशी पुरती जुळत नाही. त्यामुळे आता माझे आभाळ किंचित हिरवे दिसते आणि ढग मुरलेल्या हिरव्या चहासारखा. मिसुझुला कळवले तेव्हा ती आली, केस पांढरे झालेली. बराच वेळ वारा घालत राहिली आणि म्हणाली, "असा हिरवा ढग करायचं मला कधी सुचलं नसतं."

मित्रांनो, मला पाहून हसले, थांबले, भान विसरले असे लोक पुष्कळ होते. त्यांच्या मायेत खोट नव्हती. पण ती माया मला दुकानात उभे ठेवू शकली नाही, कारण तिच्यासाठी कोणाला काही द्यावे लागले नाही. तुम्हाला एखादी चमत्कारिक, कोणासारखीच नसलेली गोष्ट भेटली आणि तिच्यापुढून पाय निघेना, तर नुसते पंखे हलवू नका. ती बनवणारे कोणीतरी जवळपासच उभे असते. तिच्यासाठी आपल्या घरातले काहीतरी काढून द्या. ओकिनोंच्या बैठकीत आता टीव्हीच्या जागी रिकामे खोके आहे. संध्याकाळी ते इथे येतात, आणि माझ्या हिरव्या गावात चादरी वाळत असतात.