मोठा ठिपका

मितेशने शिडीवरून दोरी सैल केली आणि फ्लेक्स धाडकन खाली उलगडला, तेव्हा हेमालीला आधी फक्त स्वतःचे दात दिसले. केवढे मोठे! कॉलेजच्या आयकार्डवरचा फोटो माणसाएवढा करून लावलेला, बाजूला ‘आमची लाडकी भगिनी कु. हेमाली हिचा शोधनिबंध आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’, आणि खाली शुभेच्छुकांची रांग, त्यात अर्धं दांडी गाव.

“लग्नाचा फोटो असा आला असता तर मी पन नाचले असते,” तिची आय गोदूबाई म्हणाली, पण डोळे पुसत म्हणाली. सकाळी मासळी विकून ती तशीच नाक्यावर आली होती, रिकामी टोपली काखेत धरून.

“काकी, बॅकग्राउंड बघ ना!” मितेश शिडीवरूनच ओरडला. “तिच्याच पेपरमधलं टाकलं. बोईसरचा फ्लेक्सवाला बोलतो, ये डिझाइन तो एकदम मस्त है भाई!”

हेमालीने बॅकग्राउंड बघितलं आणि तिच्या हातातला नारळ घसरता घसरता राहिला.

निळा समुद्र. किनाऱ्याची वाकडी रेघ, दांडीची खाडी, आणि समुद्रभर लाल ठिपके. काही बारीक, काही मोठे. पेपरमध्ये हा नकाशा तळहाताएवढा होता. इथे तो एसटीच्या मागच्या काचेपेक्षा मोठा होता, आणि त्याच्या खाली सगळी दांडी उभी होती.

तिने बाबांकडे बघायचं टाळलं.

खरं तर हा नकाशा पेपरमध्ये असणारच नव्हता. तिचा विषय संभाव्यतेचा. म्हणजे एखादी वस्तू कशीही भटकत असेल, तर ती परत त्याच जागी यायची शक्यता किती, असलं सगळं. पहिल्यांदा तिने नुसतं गणित पाठवलं, तर ते परत आलं. सिद्धता बरोबर आहे, पण आमच्या वाचकांना रस वाटेल असं नाही. मग तिच्या मार्गदर्शक सरांनी तिला बसवून जर्नलचे जुने-नवे अंक उघडून दाखवले. बघ, एके काळी नुसतं भटकणं चालायचं. मग सगळे यादृच्छिक आलेखांच्या मागे लागले. आता जो तो नेटवर्क आणि मशीन लर्निंग करतोय, नुसतं प्रमेय घेऊन जाशील तर दारात उभी राहशील. काहीतरी खरं आण. खराखुरा डेटा.

खरं म्हणजे काय, तर बाबांची बोट.

“तुमच्या जीपीएसमधले पॉइंट घेऊ?” तिने विचारलं होतं.

“कशाला?”

“अभ्यासाला. बोट कशी फिरते ते.”

रामा जाळं शिवत होता. सुई थांबली. “मासळीच्या जागा नाय ना देनार कोनाला?”

“नाय बाबा. नुसतं गनित.”

मग तो उठला, बोटीवर गेला, मशीन काढून घेऊन आला. टॉवेलात गुंडाळून आणलं होतं त्याने ते, ओलं होऊ नये म्हणून.

आणि मग जर्नलच्या परीक्षकाचं उत्तर आलं. कल्पना फार सुंदर, पण नकाशा हवा. शिवाय नवीन नियम, सगळा डेटा सगळ्यांना बघता येईल असा ठेवायचा. ठिपके जरा इकडे-तिकडे सरकवू का, तिने सरांना विचारलं. खोटा डेटा छापायचा नसतो, सर म्हणाले, नाहीतर मागे घे आणि दुसरीकडे पहिल्यापासून सुरुवात कर. ती रात्रभर तळमळली वगैरे काही नाही. अर्ध्या तासात तिने नकाशा जोडला. दांडीत कोण वाचतंय संभाव्यतेचं जर्नल?

“ए हेमा, समजव ना लोकांना!” मितेश खाली उतरून टाळ्या वाजवायला लागला. “आपल्याला तर टायटल पन वाचता येत नाय. अर्धं मीच उडवलं, मावत नव्हतं.”

लोक हसले. हेमाली पण हसली, फ्लेक्सवर हसत होती तशीच.

“म्हणजे… समजा एक बोट हाय,” ती म्हणाली. “ती समुद्रात कशीपन फिरते…”

“कोनाची बोट?” कोणीतरी विचारलं.

“समजा हो. कोनाची पन.”

गर्दीतून चंद्रभान पुढे आला. मितेशचा बाप, रामाचा मोठा भाऊ. त्याने चष्मा पुसला, घातला, आणि फ्लेक्सच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. खाडीच्या तोंडावर त्याने बोट ठेवलं. तिथून हळूहळू बाहेर, समुद्रात, बोट सरकवत नेलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण हे वाचायला इंग्रजी लागत नव्हतं. बोट सगळ्यात मोठ्या ठिपक्यापाशी थांबलं.

“हे आंधळं खडप,” तो म्हणाला. आंधळं, कारण तो खडक ओहोटीलासुद्धा पाण्यावर येत नाही. “हेमाली, हा ठिपका येवडा मोठा का?”

नाक्यावरच्या रिक्षावाल्याने रिक्षा बंद केली.

मागच्या हंगामात चंद्रभानची बोट रिकामी येत राहिली होती. रामा घोळ मासळी घेऊन यायचा, अशी की दोघांनी उचलावी लागायची, आणि चंद्रभान बंदरावर येऊन विचारायचा, कुठं लागली रे? रामा म्हणायचा, दादा, खाली बगून थोडीच टाकतो, नशीब हाय. शेवटी चंद्रभानचे खलाशी दुसऱ्या बोटीवर गेले आणि मितेश तारापूरच्या कंपनीत लागला. आता बारा-बारा तास ड्रम उचलतो. त्याच पोराने हा फ्लेक्स लावला होता.

हेमालीला हे सगळं माहीत होतं. घरात जेवताना नशीब हा शब्द आला की आय आणि बाबा एकमेकांकडे बघायचे नाहीत, हेसुद्धा माहीत होतं. फक्त नकाशा जोडताना तिला बाबांना दिलेला शब्द मोडल्याची लाज वाटली होती. काकांची आठवणच झाली नव्हती.

“काका, ते… उदाहरन हाय,” ती म्हणाली. “कॉम्प्युटरनं केलेलं. खरं नाय.”

चंद्रभानने बोट उचललं नाही. “खरं नाय, तर छापलं कसं?”

तिचा चेहरा तापला. सत्काराची शाल अंगावर होती, भर दुपारी, आणि ती काढावी की नको तेही कळत नव्हतं.

“खरं हाय,” रामा म्हणाला.

तो मागे, पानाच्या टपरीला टेकून उभा होता. त्याने डोकं वर केलं नाही. “माजीच बोट हाय, दादा. मोठा ठिपका म्हंजे जितं मी सारका जातो.”

मितेशने टाळ्यांसाठी वर धरलेले हात खाली घेतले. चंद्रभानने चष्मा काढून खिशात ठेवला आणि घराकडे चालायला लागला, आणि मग एकेक जण, कोणाला काम आठवलं, कोणाची रिक्षा आली. पेढ्यांचा बॉक्स टपरीवर तसाच उघडा राहिला.

उन्हं कलली तेव्हा रामा शिडी घेऊन परत आला. हेमालीने न सांगता शिडी धरली.

“हे निघंल,” तो वरून म्हणाला. “तितलं, पेपरातलं, निघंल का?”

“नाय, बाबा.”

“कोनी पन बगू शकतो?”

“हो.”

तो दोरी सोडत राहिला. ‘बाबा, मी’ असं तिने दोनदा सुरू केलं. दोन्ही वेळा त्याने फक्त “शिडी नीट धर” म्हटलं.

फ्लेक्स वाऱ्याने फडफडत खाली आला, जड, आवरेना. रामाने उतरून दोन कोपरे पकडले. हेमाली दुसऱ्या टोकाला धावली, तर ते दोन कोपरे आधीच कोणीतरी उचलले होते. चंद्रभान. तो कधी आला कळलंच नाही.

दोघं भाऊ जाळं पसरतात तसे समोरासमोर उभे राहिले, ताणून घेतलं, मग एकमेकांकडे चालत आले. मोठे मोठे दात मधोमध दुमडले गेले, मग किनारा, मग समुद्र. कोपऱ्याला कोपरा लागला. चंद्रभानने ते हातात घेतले, पण लगेच मागे सरकला नाही.

“खडपाभवती तळ कसा हाय?” त्याने विचारलं. “दगड का चिखल?”

रामाने एकदा हेमालीकडे बघितलं आणि नजर परत भावाकडे नेली.

“दगड,” तो म्हणाला. “जाळं वर ठेव. तळाला टाकलंस तर फाटंल.”

हेमाली परत रिकामी शिडी धरून उभी होती.