सगळं उतरवलंय

गाडी चालवायला शिकवणाऱ्या त्या बाईला घरीदारी सगळे मास्तरीणच म्हणत. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, पायाखाली जादा ब्रेक ठेवून तिची निम्मी हयात गेली होती. त्यामुळे असेल, समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आतच तिचा पाय ब्रेकवर जायचा. गाडीला विमा कायद्यानेच लागतो, हे ती प्रत्येक नव्या माणसाला ठणकावून सांगायची. तो विमा नेमका कोणासाठी, असं कोणी विचारलंच तर म्हणायची, "आधी क्लच सोडायला शिका."

तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा बस डेपोत फिटर होता. अर्धांगवायूचा झटका आला आणि त्याची उजवी बाजू लुळी पडली. ताई घरीच, पुढच्या खोलीत, लोकांचे पडदे शिवायची. आता नवऱ्याचं औषधपाणी, व्यायामाला नेणं-आणणं, घर आणि शिवण असं सगळं तिच्याच अंगावर आलं. डेपोतल्या मित्रांनी भावोजींच्या गाडीत बाहेरच्या बाजूला वळणारी सीट बसवून दिली, म्हणून त्यांना उचलावं तरी लागत नव्हतं.

गाडीचा आणि घराचा विमा एकदमच संपत आला, तेव्हा भावोजींनी मास्तरणीला बोलावलं. जीभ अजून जड होती, शब्द घोटाळत यायचे.

"तू बघ हे. सगळं... सगळं उतरव. हिच्या डोक्याला ताप नको."

"त्यात काय! माझ्या हातचा मळ आहे तो," मास्तरीण म्हणाली.

विम्याच्या ऑफिसातली बाई चष्मा साखळीने गळ्यात अडकवायची आणि बोलायला लागली की धापा टाकेपर्यंत थांबायची नाही. तिने सुरुवात केली, "बघा, गाडीचा जो सक्तीचा विमा असतो ना, तो—"

"मला नका शिकवू. मी रोज हेच शिकवते."

"तरी सांगते. त्यात समोरच्याचं नुकसान—"

"सक्तीचं आहे तेवढं द्या. बाकीचं गळ्यात मारू नका."

बाईने चष्मा डोळ्यांवर चढवला. "आणि घराचं? घरावर कर्ज आहे, त्या बँकेला भिंती आणि छपराचा विमा पुरतो. आतल्या सामानाचा वेगळा घ्यावा लागतो. पडद्यांचं काम घरातच चालतं म्हणालात, तर मशीन, कापड—"

"बँकेला पुरतो ना? मग आम्हालाही पुरतो."

बाईने आणखी एकदा तोंड उघडलं, मिटलं आणि सह्या कुठे करायच्या ते दाखवलं. एजंटाला बोलू दिलं नाही, या आनंदात मास्तरीण घरी आली.

"सगळं?" भावोजींनी विचारलं.

"सगळं उतरवलंय."

आपण खोटं बोलतोय असं तिला वाटलं नाही. जे लागतं ते घेतलं, म्हणजे सगळंच झालं की.

पुढे एका दुपारी वारं सुटलं आणि फाटकाजवळचं जुनं झाड मुळासकट आडवं झालं. बुंधा गाडीवर आणि फांद्या पुढच्या खोलीच्या छपरावर. कौलं फुटली आणि मागोमाग आलेला पाऊस सरळ शिलाई मशीनवर आणि गिऱ्हाइकांच्या कापडांवर कोसळला. ताई तेव्हा स्वयंपाकघरात भावोजींना भरवत होती, म्हणून दोघांना साधं खरचटलंही नाही.

मास्तरीण धावत आली, तर ताई ओल्या केसांनी अंगणात उभी. शेजारीपाजारी जमले होते. ताई चक्क हसत होती.

"माणसं वाचली, बस झालं. बाकीचं माझ्या बहिणीने आधीच उतरवून ठेवलंय. मी कशाला रडू?"

शेजारीण म्हणाली, "अशी बहीण असावी बाई."

मास्तरणीने चेपलेल्या गाडीकडे पाहिलं. विमावालीची ती अर्धवट तुटलेली वाक्यं तिला एकेक करून आठवायला लागली. तिने पदर खोचला आणि भिजलेली कापडं गोळा करायला लागली. खाली वाकून काम केलं की कोणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही.

कंपनीचा पाहणीदार आला. त्याने सांगितलं की छपराचं काम विम्यातून होईल. गाडीचं मात्र काही मिळणार नाही, कारण तुमचा विमा तुमच्या गाडीने दुसऱ्याचं काही बिघडलं तर भरून देणारा आहे, तुमच्याच गाडीसाठी नाही. आतल्या सामानाचा तर विमाच नाही.

ताईचा चेहरा लालबुंद झाला. "चल गं. ऑफिसात जाऊ. बघतेच त्या बाईला."

मास्तरणीने तिथेच बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण ताईने तोवर चपला घातल्या, आणि मास्तरणीने मुकाट्याने आपली शिकवणीची गाडी काढली.

ऑफिसात बाकांवर माणसं खोळंबली होती. ताईने टेबलावर दोन्ही हात आपटले.

"लोकांना लुबाडायला बसता का इथे? आजारी माणूस घरात, आणि तुम्ही अर्धामुर्धा विमा गळ्यात बांधता?"

विमावालीने चष्मा काढला. ती ताईकडे नाही, मास्तरणीकडे बघत होती. रागाने नाही, वाट बघितल्यासारखी. मास्तरणीने नजर पाण्याच्या पिंपावर नेऊन ठेवली. नळ नीट बंद नव्हता, थेंब थेंब गळत होता.

"जे मागितलं तेच मी दिलंय, ताई," बाई हळू म्हणाली.

"मागितलं? माझी बहीण अख्ख्या गावाला गाडी शिकवते! तिला कळत नाही होय? भोळी आहे म्हणून तिच्या डोळ्यांत धूळ फेकलीत."

बाकावरच्या एका गृहस्थाने मान हलवली. "सगळे एका माळेचे मणी." काचेच्या खोलीतून मॅनेजर डोकावला. मास्तरणीला एकच वाक्य बोलायचं होतं. ते तिच्या जिभेवर तयार होतं, पण ती पिंपातून गळणारे थेंब मोजत राहिली.

"तुमच्या घरावर पडायला हवं होतं ते झाड," ताई म्हणाली.

बाईने समोरचे कागद उगाच सारखे केले.

परतताना ताईचा राग उतरला आणि ती हळवी झाली. मास्तरणीच्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "तू मनाला लावून घेऊ नकोस हं. तुझी काय चूक? तू आमच्यासाठी धावलीस. तुझ्याशिवाय मला आहे कोण?"

शिव्या दिल्या असत्या तर मास्तरणीने गिळल्या असत्या. हे मात्र तिला गिळवेना. चौकात तिचा क्लच सुटला आणि गाडी आचका देऊन बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. तिने कशीबशी गाडी कडेला घेतली.

"ताई, तिने सांगितलं होतं."

"कोणी? काय?"

"त्या बाईने. गाडीचं, सामानाचं, सगळं सांगत होती. मीच बोलू दिलं नाही. मला सगळं कळतं म्हणाले. आणि मला काही कळत नव्हतं."

ताईने दंडावरचा हात काढून घेतला.

"मग तिथे का नाही बोललीस?"

"लाज वाटली."

"आणि मी तिला बोलत होते, तेव्हा नाही वाटली?"

मास्तरणीने गाडीची किल्ली काढली आणि परत लावली.

"गाडी गेली, मशीन गेलं. त्याचं काय करायचं ते बघू," ताई म्हणाली. "पण एका निरपराध बाईला मी चारचौघांत शिव्याशाप दिले. तुझ्या देखत. झाड पडू दे म्हणाले गं मी तिला. वळव गाडी."

"ताई, उद्या मी एकटी—"

"वळव म्हणते ना."

बाकावरची माणसं बहुतेक तीच होती. ताई सरळ टेबलापाशी गेली आणि मगाशी बोलली होती तितक्याच मोठ्याने म्हणाली, "माझं चुकलं. तुमची चूक नव्हती. मी नको ते बोलले." मग मागे वळली. "तू बोल."

मास्तरणीने रोज कितीतरी माणसांना खडसावलं होतं, पण इतका बारीक आवाज तिच्या गळ्यातून कधी निघाला नव्हता. "ह्यांनी सगळं समजावलं होतं. मी ऐकून घेतलं नाही. मगाशी मला ठाऊक होतं, तरी मी गप्प बसले."

मान हलवणारे गृहस्थ आता छताकडे बघत होते. विमावालीने काही मोठेपणा दाखवला नाही. "माझी जेवायची वेळ झाली आहे," ती म्हणाली. "छपराच्या कामाचं बोलायचं असेल तर बाहेर थांबा." आणि जाता जाता मास्तरणीपाशी थबकली. "मॅनेजरने ऐकलं का आताचं? मगाचं ऐकलं होतं त्यांनी."

मास्तरीण स्वतः काचेच्या खोलीत गेली आणि तेच पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं गेलं नाही.

घरी भावोजींनी सगळं ऐकून घेतलं. ते रागावले नाहीत. एकेक शब्द जुळवत एवढंच म्हणाले, "मला दाखवायचं होतंस. हात गेलाय माझा. डोळे आहेत. वाचता येतं मला."

त्या रात्री मास्तरणीला जेवण गेलं नाही.

पुढे छप्पर झालं. चेपलेली गाडी डेपोतल्या मित्रांनी सवडीने ठोकून, रंगवून उभी करायला घेतली. तोवर मास्तरीण भावोजींना शिकवणीच्या गाडीतून व्यायामाला न्यायची. गाडीच्या टपावर 'शिकाऊ चालक' असा फलक. "मी बसलोय म्हणून का?" भावोजी विचारायचे आणि वाकडं हसायचे. ताई हसायची नाही. ती उसन्या मशीनवर स्वयंपाकघरात शिवत होती. मास्तरीण संध्याकाळी कापड धरायला जायची. "धर." "सोड." "ताण जरा." ह्यापलीकडे ताईने तिच्याशी कितीतरी दिवस शब्द काढला नाही. एकदा पडद्याची किनार लावता लावता ती म्हणाली, "अजून ती बाई डोळ्यांसमोर येते माझ्या," आणि परत मशीन चालू केलं.

गाडी रस्त्यावर आली, तेव्हा पुन्हा विमा काढायची वेळ झाली. मास्तरणीने ताईला ऑफिसच्या जिन्यापाशी सोडलं आणि म्हणाली, "मी इथेच थांबते."

"वर ये," ताई म्हणाली. "फक्त बोलू नकोस."

ताईने खुर्ची ओढली आणि विमावालीला स्पष्ट विचारलं, "मला काही कळत नाही असं समजून सांगा." बाईने सांगायला घेतलं. कायद्याला काय लागतं, बँकेला काय लागतं, आणि ह्या दोघांना ज्याची फिकीर नाही पण तुम्हाला असायला हवी असं काय असतं. ताई मध्येच अडवायची, खोदून विचारायची. शिवणाच्या सामानाचं, गिऱ्हाइकांच्या कापडाचं. बाईही घाई करत नव्हती.

"आणि ती वळणारी सीट," बाई म्हणाली, "ती नंतर बसवली आहे ना? कळवून ठेवावी लागते. नाहीतर उद्या तिच्यासाठी मागायला याल आणि मला नाही म्हणावं लागेल."

मास्तरणीला हे माहीत नव्हतं. तिने शाळेतल्या पोरीसारखा हात अर्धा वर केला. ताईने तिच्याकडे पाहिलं, मग विमावालीकडे.

"विचारा," बाई म्हणाली.

"माझ्या शिकवणीच्या गाडीचं... शिकाऊ माणूस चालवताना कोणाला धक्का लागला, तर?"

"तुम्ही इतकी वर्षं शिकवताय ना?"

"हो," मास्तरीण म्हणाली. "म्हणूनच विचारतेय."

बाईने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. "कागद आणलेत का गाडीचे?"

कागद खाली गाडीत होते. मास्तरीण ते आणायला उठली. मागून ताई म्हणाली, "जपून उतर, जिना ओला आहे."