घरभेदी

माग्या यंत्र कानाशी धरून डोंगर पालथा घालत होता, आणि शेळी त्याच्याच घराच्या कुंपणाशी उभी होती. बायकोने तिला भाजीची देठंही घातली होती. शेळ्यांचा माग काढणारा म्हणून बेटावर त्याला सगळे माग्या म्हणत. आज मात्र बायको पोटभर हसली.

या शेळीला ऑफिसात घरभेदी म्हणत. सुटून रानात वाढलेल्या शेळ्यांनी बेट पार बोडकं केलं होतं; जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांना आडोसा उरला नव्हता. बेटावर एकही शेळी ठेवायची नाही, असा सरकारचा हुकूम आला. पण कडेकपारीत दडलेले कळप सापडेनात. म्हणून हिच्या गळ्यात, माग्याच्या यंत्रात आवाज उमटवणारा पट्टा बांधून हिला मोकळी सोडायचे. शेळीला एकटं राहवत नाही. ती कळप हुडकायची, मागोमाग माग्या आणि बंदूकवाले पोचायचे. दरवेळी कळप टिपताना हिला तेवढं वगळायचे, की बिचारी पुन्हा सोबत शोधायला निघायची. माग्याची निम्मी नोकरी तिच्या मागे चालण्यात गेली होती.

आता रानात कुणी उरलंच नव्हतं. राहिली होती ती एकटी.

“अंगणात बांधून ठेवू की,” बायको म्हणाली. “पिल्लं व्हायची नाहीत, याची सोय तुम्हीच करून ठेवलीय.”

त्याने साहेबांना विचारून पाहिलं. साहेब माणूस वाईट नव्हता. एकीला सूट दिली तर उद्या घरोघरी शेळी दिसेल, आणि अंगणातूनच तर त्या रानात गेल्या, असं त्यांचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून माग्याला जास्तच राग आला. मग साहेबच जरा घुटमळून म्हणाले, “दुसऱ्या कुणाला पाठवू?”

“नको. परक्याला बघून बुजेल ती.”

दुपारी तो बंदूक घेऊन माळाकडे निघाला. दावं लागलंच नाही, ती आपणहून मागे आली. नेम धरायला अंतर हवं, म्हणून तो भराभर पुढे गेला; तीही पळत आली. त्याने हाकललं, तर जरा दूर जाऊन परतली. असं कितीदा झालं. त्याला रडू फुटलं. शेवटी दमून तो खडकाला टेकून बसला.

तीही पाय मुडपून त्याला खेटून बसली आणि रवंथ करू लागली. कळपात आल्यावर ती अशीच बसायची, हे त्याने दुर्बिणीतून नेहमी पाहिलं होतं.

आता नेम धरायची गरजच नव्हती.