सासूबाईंच्या जांभळांची वाइन

कुळगावात आमच्या सासूबाईंची, अंजनीबाईंची, जांभळाची आठ झाडं आहेत आणि त्या झाडांचा त्यांना नवऱ्याहून जास्त अभिमान. दरवर्षी सगळं फळ विठा नावाची टोपलीवाली न्यायची. यंदा माझ्या नवऱ्याने, जितेशने, लाडीगोडी लावून ते आमच्या चिखलोलीच्या वाइनरीसाठी मिळवलं.

“एक साल देते. तुमच्या दारूत माझ्या जांभलाची इज्जत गेली तर झाडं परत विठाला,” सासूबाईंनी दम भरला. मी चांगली नोकरी सोडून यात पडलेली. झाडं गेली की माझी वाइनरीच आटोपली.

तोड मात्र झकास झाली. पाऊस लांबला होता, त्यामुळे फळ टपोरं आणि गोड. सासरे झोळी घेऊन फांदीवर, आम्ही खाली झोळ्या उतरवून घ्यायला. सासूबाई वाइनरीच्या शेडमध्ये फळ निवडायला बसल्या त्या एकट्याच. कुणाला जवळ फिरकू देईनात.

रस काढून दोन टाक्यांत आंबायला ठेवला. दुसरी टाकी दोन दिवसांत फसफसायला लागली. पहिली ढिम्म. मी जितेशवर उखडले, “टाकी धुतली तरी होतीस का?”

“आई शप्पथ, धुतली यार!”

शेवटी पहिल्या टाकीतला रस चाखला. खारट! निवडायच्या टेबलाखाली बघते तर मिठाच्या रिकाम्या पिशव्या.

सासूबाई जराही बावरल्या नाहीत. “मिठाबिगर जांभूल खातंय का कोन? पिनाऱ्याचा घसा धरला तर नाव माझ्या झाडांना ठेवतील. दुसऱ्या टाकीला मीठ पुरलं नाय, त्याचीच मला काळजी लागलीय.”

मी भांडायला तोंड उघडलं आणि हसूच फुटलं. दारू म्हणून नाक मुरडणारी ही बाई पिणाऱ्यांच्या घशाची काळजी करत होती! पण पहिली टाकी मोरीत ओतताना मला रडूही आलं. आता सगळी भिस्त दुसरीवर.

पंधरवड्याने सासूबाई वाइनरीत आलेल्या असताना विठा तिथेच दारात हजर, पुढच्या वर्षीची झाडं ठरवायला. मी धावत जाऊन दुसऱ्या टाकीतली वाइन पेल्यात आणली आणि सासूबाईंपुढे धरली. अजून गढूळ होती, जरा तुरटही, पण वास असा की विठानेही मान वळवली.

सासूबाईंनी बोट बुडवून जिभेला लावलं. खाकरून घसा तपासला. पुन्हा बोट बुडवलं. मग सरळ पेलाच तोंडाला लावला आणि रिकामा करून खाली ठेवला.

“विठे,” त्या पदराने ओठ पुसत म्हणाल्या, “तू दुसरी झाडं बघ. आमची आता सुनेला लागतात.”