एवेलियोंच्या टाकीवरचा चंद्र

मित्रांनो, आमच्या गल्लीत सगळे मला चंद्र म्हणतात. खरं तर मी वीतभर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी आहे आणि माझ्यावर चार निळे एलईडी डकवलेले आहेत. त्यांतला एक आता पेटत नाही. माझा जन्म हवानापासून दूर, कामाग्वे शहरातल्या एका घरात, जेवणाच्या टेबलावर झाला. एका बंद पडलेल्या म्युझिक सिस्टिमचे दिवे काढून एवेलियोंनी मला घडवलं.

एवेलियो रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचे. पण त्यांचा जीव होता तो खिडकीजवळच्या काचेच्या टाकीत. त्या टाकीत एंजल माशांची एक जोडी होती. दोघांच्या अंगावर काळे उभे पट्टे आणि पंख लांब, झुळझुळीत.

आमच्या शहरात वीज सांगून जात नाही. टाकीवरच्या पांढऱ्या ट्यूबच्या भर उजेडात पोहणाऱ्या माशांवर अंधार एकदम कोसळला की ते बिथरतात. त्यांना पापण्या नसतात, डोळे मिटून घेता येत नाहीत. एकदा त्यातला नर काचेवर असा आपटला की त्याच्या एका बाजूचे खवले सोलून निघाले. एवेलियो रात्रभर टाकीपाशी बसून राहिले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बनवायला घेतलं. मला त्यांनी एका जुन्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीला जोडलं, म्हणजे वीज गेली तरी मी जळत राहीन.

पहिल्या आठवड्यात मी फार झगझगीत होतो. मासे झोपेनात, त्यांचे पट्टे फिके पडले, काचेवर हिरवं शेवाळ चढलं. मग एवेलियोंनी कपाटातून एक जुना एक्स-रे काढला. त्यांची मुलगी ओदालिस नऊ वर्षांची असताना पेरूच्या झाडावरून पडली होती, तेव्हाचा तिच्या हाताचा. तो कापून त्यांनी माझ्यावर बसवला. तेव्हापासून माझा उजेड पाण्यात उतरायचा तो तिच्या मनगटाच्या हाडांतून गाळून. मग मासे शांत झोपू लागले.

वीज गेली की गल्लीतले लोक खुर्च्या घेऊन दाराबाहेर बसायचे. आमच्या खिडकीतला निळा उजेड त्यांना दिसायचा. शेजारच्या नेरेइदाबाई मुद्दाम मोठ्यानं म्हणायच्या, "अहो एवेलियो, इथं माणसांना वाटीभर उजेड मिळेना आणि तुमच्या माशांना चंद्र!"

"तुम्हीही टाकीत उतरा, वहिनी. जागा करतो तुमच्यासाठी," एवेलियो आतून ओरडायचे. "फक्त भात घरून आणा."

सगळे हसायचे. मला तेव्हा फार अभिमान वाटायचा. ते माझे चांगले दिवस होते.

मग एवेलियोंना धाप लागू लागली. आधी जिना चढताना, मग बोलतानाही. त्यांच्या पायांवर सूज आली. डॉक्टर म्हणाले की हृदय थकलं आहे, फार दिवस नाहीत. ओदालिस हवानातल्या एका ग्रंथालयात नोकरी करत होती. ती रजा घेऊन आली आणि तिने त्यांची खाट टाकीच्या खोलीत हलवली. लहानपणी तिला या टाकीचा राग यायचा, कारण बाबा तिच्यापेक्षा टाकीसमोर जास्त बसत. आता तिलाच टाकी सांभाळावी लागत होती.

"अगं, भात वाढतेस का त्यांना? खाद्य चिमूटभर टाक म्हटलं ना मी."

"मला चिमूट कळते, बाबा. तुमची चिमूट कळत नाही."

अशातच मादीने एका रुंद पानावर अंडी घातली. मोत्यांसारखी, ओळीनं. एवेलियोंचे मित्र बघायला आले आणि म्हणाले की पान कापून बरणीत ठेवा, नाहीतर हे दोघं घाबरले की खाऊन टाकतील. दर खेपेला तसंच होत आलं होतं. पण एवेलियोंनी बरणी कधीच वापरली नाही.

"आई-बाप जिवंत असताना पोरांनी बरणीत का वाढायचं?" ते म्हणाले. मित्र गेल्यावर ते हळूच ओदालिसला म्हणाले, "आई-बापांबरोबर पोहणारी पिल्लं मी एकदाही बघितली नाहीत गं. या खेपेला बघायचीत. मग डॉक्टर म्हणेल ते होऊ दे."

त्या दिवसापासून ओदालिस त्या पानासाठी जगू लागली. तिसऱ्या दिवशी अंडी फुटली. पिल्लं पानाला चिकटून शेपट्या हलवत होती. आणखी तीन-चार दिवसांत ती सुटून पोहणार होती.

पाचव्या दिवशी दुपारीच वीज गेली. ओदालिस विजेच्या शेगडीवर घेवडा शिजवत होती. तिने धावत जाऊन आधी फ्रिजची पिन काढली, मग शेगडीची. आमच्याकडे सगळे तेच करतात, कारण वीज परत येते ती कधीकधी उसळून येते आणि फ्रिज जाळून जाते. संध्याकाळपर्यंत ती दर तासाला मगाने टाकीतलं पाणी उचलून वरून ओतत होती, म्हणजे माशांना हवा मिळेल. मी जळत होतो. माझ्याच बॅटरीवर एवेलियोंचा छोटा पंखाही फिरत होता. अंधार पडला आणि बॅटरी उतरू लागली.

"पंखा बंद कर," एवेलियो म्हणाले.

"नाही करणार."

"पोरी, उकाड्यानं कुणी मरत नाही."

"बोलू नका, बाबा. धाप लागतेय तुम्हाला."

"मग बोलायला लावू नकोस. पंखा काढ, चंद्र राहू दे."

तिने पंखा काढला आणि पुठ्ठ्याने वारा घालत बसली. अर्ध्या तासात त्यांचे ओठ काळेनिळे दिसू लागले. ते ग्लानीत गेले तेव्हा ती उठली, माझी वायर सोडवली आणि पंख्याला जोडली. मी विझलो. मित्रांनो, मला तिचा राग आला नाही. मी तिच्या जागी असतो तर तेच केलं असतं. टाकीत एकदा पाणी सळसळलं, मग शांत झालं. पंख्याच्या वाऱ्यानं एवेलियोंचा श्वास लांबला.

तासाभराने गल्लीत एकच ओरडा झाला. "आली! आली रे आली!" लोकांनी पातेली वाजवली. आणि त्याच क्षणी टाकीची पांढरी ट्यूब लख्ख पेटली.

वीज गेली की ट्यूबचं बटण बंद करायचं, हा एवेलियोंचा नियम होता. ओदालिसला तो पाठ होता. पण दुपारी तिने फ्रिज वाचवला, शेगडी वाचवली आणि बटण राहून गेलं. मी जळत असतो तर ते पांढरं ऊन पाण्याला इतकं झोंबलं नसतं. पण टाकीत तर मिट्ट काळोख होता. नर काचेवर आपटला. मादी पाण्याबाहेर उसळली. मग दोघं पानापाशी परतले. धोका वाटला की एंजल मासे पिल्लांना तोंडात घेतात, दुसऱ्या पानावर न्यायला. त्या वेळी त्यांनी पिल्लं तोंडात घेतली आणि परत सोडली नाहीत.

ओदालिस खाटेजवळून उठून टाकीपाशी पोचली तेव्हा पान कोरं होतं.

"काय झालं गं?" खाटेवरून आवाज आला.

"काही नाही, बाबा. वीज आली."

"पिल्लं?"

ती टाकीकडे तोंड करूनच बोलली. "आहेत की. मागच्या पानावर नेलीत त्यांनी. तुम्हाला तिथून दिसायची नाहीत."

"हुशार आहेत," एवेलियो म्हणाले.

मग रोज संध्याकाळी ती त्यांना बातमी देऊ लागली. एके दिवशी तिने सांगितलं की पिल्लं पानावरून सुटली.

"दिसतात कशी?"

ओदालिसने पुस्तकात वाचलं होतं, तेच थोडं बदलून सांगितलं. "पाण्यात मिरपूड भुरभुरावी तशी. आईच्या मागे मागे."

"बरोबर. अशीच दिसत असणार," ते म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले.

चौथ्या संध्याकाळी ती त्यांना चमच्याने घेवड्याचं पाणी पाजत होती. दोन चमचे झाल्यावर त्यांनी तिचा हात थांबवला. "पुढच्या खेपेला," ते एकेक शब्द घेत म्हणाले, "वीज गेली की आधी ट्यूबचं बटण. फ्रिज मग."

चमच्यातलं पाणी चादरीवर सांडलं. ओदालिसने ते फडक्याने टिपलं. मग म्हणाली, "हो, बाबा."

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

पहाटे ते गेले.

माशांची जोडी त्यांच्या एका मित्राने नेली. बॅटरी नेरेइदाबाईंच्या घरी गेली. टाकी रिकामी झाली आणि मी तिच्या कोरड्या तळाशी पडून राहिलो. ओदालिस हवानाला परतली. माझ्यावर धूळ बसली, तारा गंजल्या. कितीतरी महिने दाराला कुलूप होतं.

परवा ती आली. दुपारची वेळ होती, खिडकीतून ऊन येत होतं. तिने मला उचलून फडक्याने पुसलं आणि मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. खोलीत कुणी नव्हतं. ती एवढंच बोलली, "बाबा, एकही उरलं नव्हतं. मी चंद्र काढून तुमचा पंखा लावला आणि बटण विसरले."

नेरेइदाबाई कॉफीचा कप घेऊन दारात उभ्या होत्या. "कुणाशी बोलतेस गं?"

"कुणाशी नाही, मावशी," ओदालिस म्हणाली आणि तिने कप घेतला.

मित्रांनो, मला जपा असं सांगण्यासाठी मी तोंड उघडलं नाही. चार एलईडी कुठेही मिळतील. पण तुमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल आणि तुमच्या हातून काही चुकलं असेल, तर त्यांच्या उशाशी बसा आणि सांगून टाका. ते रागावले तर रागावू द्या. त्यांना बहुतेक ते ठाऊकच असतं. तुम्हाला एकट्याला ते ओझं वाहावं लागू नये, म्हणून ते तुमच्या सांगण्याची वाट बघत असतात.