माईंकडची जागा

मीनलच्या तोंडाला सुकडीचा वास येत होता.

दुसऱ्या कुणाला तो कळलाही नसता. मला कळणारच, कारण सरकारी अनुदानावर चालणारी पाळणाघरं तपासणं हीच माझी नोकरी. उल्हासनगर आणि विठ्ठलवाडी माझ्याकडे, अंबरनाथ माझे सहकारी विष्णुपंत यांच्याकडे. या पाळणाघरांना मुलांच्या खाऊसाठी सुकडीची पोती येतात. गहू-हरभरा भाजून दळलेला, गूळ घातलेला तो भुगा मुलं मूठमूठ खातात आणि त्याचा खमंग, जरासा खवट वास दिवसभर त्यांच्या अंगाला राहतो. सुकडी दुकानात मिळत नाही. मग बदलापूरला, बेलवलीतल्या फ्लॅटमध्ये, माईंच्या घरगुती पाळणाघरात राहणाऱ्या माझ्या मुलीनं ती खाल्ली कुठं?

"आज काय खाल्लंस गं माईंकडे?"

"पोळीभाजी."

"आणि?"

"आणि काही नाही."

पावणेपाच वर्षांची पोर, पण उत्तर असं झटकन दिलं, की जणू प्रश्न येणार हे तिला ठाऊकच होतं.

हेमचंद्र पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाला, "पद्मजा, घरी तरी तपासणी बंद ठेव."

नवऱ्यांना बोलायला काय जातं! पाळणाघरातल्या जागेसाठी वणवण मी केली होती. कात्रपची पहिली बाई मुलांना दुपारी गुंगीचं काहीतरी पाजते असा मला संशय होता. दुसरी मीनलच्या डब्यातला शिरा स्वतःच्या मुलाला भरवते याची तर खात्रीच होती. मग कुणीतरी माईंचं नाव सुचवलं. माईंच्या सोसायटीनं ठराव करून फक्त आठ मुलांची परवानगी दिली होती. नववं मूल दिसलं की परवानगी रद्द, जिन्यात चपला दिसल्या तरी बोलणी. कमिटीचे एक गृहस्थ मधूनमधून येऊन मुलं मोजून जात. नियम असलेलं ठिकाण म्हणून मला तेच हवं होतं. दिवाळीत नाव सांगितलं, ती जागा होळीला मिळाली.

माईंना मी माझं काम काय ते सांगितलं नव्हतं. उल्हासनगरला ऑफिसात आहे, एवढंच. तपासायला आलेल्या बाईसमोर सगळेच साधुसंत होतात, हे मी रोज बघत होते. मला खऱ्या माई बघायच्या होत्या. मीनललाही मी बजावून ठेवलं होतं, "बसवतील तिथं बसायचं, रडायचं नाही, उलट बोलायचं नाही. माईंकडची जागा गेली तर आईला कामाला जाता येणार नाही." हे वाक्य मी घरात उठताबसता म्हणत असे.

सुकडीच्या वासानंतर मी आणखी बारकाईनं बघायला लागले. सकाळी मी घातलेल्या दोन वेण्या एखाद्या संध्याकाळी एकच होऊन यायच्या. गालावर काजळाची तीट दिसायची. बुटांना लाल माती लागलेली असायची, आणि माईंच्या इमारतीभोवती तर फरशी आहे. पाणी मागायच्या निमित्तानं मी माईंच्या स्वयंपाकघरात दोनदा डोकावून आले. डबे उघडायचे तेवढे बाकी ठेवले. सुकडी दिसली नाही. म्हणजे लपवली होती.

माईंकडे वरकामाला रखमाबाई होती. मुलांची नाकं पुसणं, त्यांना शी-शूला नेणं तिच्याकडे. एकदा मीनलचे बूट घालता घालता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "रखमाबाई, तुमची माणसं कुठं असतात हो?"

"आमी वांगणीकडच्या, बाय. बहीन हाय माझी अंबरनाथला, भिमा. तीपन पोरंच सांबालते. सरकारी हाय तिचं."

झालं! मला सगळं जुळलं. बहीण तिच्या सरकारी केंद्रातली सुकडी चोरते, रखमाबाई ती इकडे आणते आणि माई स्वस्तात घेऊन आमच्या मुलांना चारतात. पैसे मात्र आमच्याकडून पोळीभाजीचे. माझं डोकं असं तापलं की जिन्यातूनच परत फिरावंसं वाटलं. पण माईंना बोलले असते तर दुसऱ्या दिवशी मीनलला घेऊन कुठं जाणार होते मी? पुरावा हातात नसताना जागा घालवायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी विष्णुपंतांना गाठलं.

"भिमाबाईचं केंद्र?" ते हसले. "अहो, तिथं काय बघायचंय? पंचवीस मुलांची मंजुरी, दर वेळी पंचवीसच्या पंचवीस हजर. हाताची घडी, तोंडावर बोट. मंगळवारी जायचंय, तसं कळवलंय मी त्यांना."

"मंगळवारी मी जाते."

"जा की. माझे गुडघे वाचतील."

तीन वर्षांची मुलं दर वेळी पंचवीसच्या पंचवीस हजर? एकालाही ताप नाही, कुणी आजोळी गेलेलं नाही? आणि या माणसाला कधी शंकाही आली नाही! आधी कळवून तपासणीला जायची पद्धत कुणी काढली देव जाणे. मुलं कमी भरली तर मंजुरी रद्द होते, हे भिमाबाईला पक्कं ठाऊक असणार. तिथंही काहीतरी काळंबेरं होतं. पण मला त्या दिवशी सुकडीचोर पकडायचा होता.

मंगळवारी मीनलला निळा फ्रॉक घालून माईंकडे सोडलं. तिनं हात हलवला. मी ऑफिसात सही करून अंबरनाथला पोचले.

कारखान्यांच्या मागच्या वस्तीत समाजमंदिराच्या एका खोलीत केंद्र होतं. दारात लाल मातीचं अंगण होतं. भिमाबाई काटक, चापूनचोपून लुगडं नेसलेली. विष्णुपंतांऐवजी मला बघून ती जरा बिचकली, ते मी मनात टिपून ठेवलं. आत मुलं रांगांनी बसली होती. त्यांच्याकडे न बघता मी थेट कोपऱ्यातल्या पोत्यांकडे गेले आणि वजनकाटा मागवला. पोती एकेक करून तोलली. सुकडी जिथल्या तिथं होती, एका मुलाच्या खाऊएवढीही कमी नव्हती. चोर सापडला नाही की मला चोराचाच राग येतो.

"आता मुलांची नावं विचारते," मी म्हटलं, "तुम्ही मधे बोलायचं नाही."

मी पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. मुलं उभी राहून नाव सांगायची आणि खाली बसायची. शेवटच्या रांगेत एक निळा फ्रॉक उभा राहिला.

"सरस्वती धोंडिबा वाघे."

आवाज ओळखायला मला बघावं लागलं नाही. तरी मी बघितलं. एक वेणी, गालावर तीट, पायात मी सकाळी घातलेले बूट. मीनल माझ्यासमोर उभी होती.

आता ही "आई" म्हणून धावत येईल, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर यावी असं फार वाटलं. पण ती आली नाही. तिनं मला बघितलं होतं, ओळखलं होतं, आणि तरी हात बाजूला ताठ ठेवून ती पुढच्या प्रश्नाची वाट बघत होती.

मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले.

"पुन्हा सांग. नाव काय तुझं?"

"सरस्वती धोंडिबा वाघे."

"तुझी आई काय करते?"

तिनं एकदा भिमाबाईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आई कामाला जाते," माझी मुलगी मला म्हणाली, आणि खाली बसून तिनं तोंडावर बोट ठेवलं.

मी भिमाबाईला अंगणात बोलावलं. "निळ्या फ्रॉकवाली मुलगी या वस्तीतली नाही. खरं सांगा, नाहीतर आत्ता कुलूप लावते."

भिमाबाईनं पदर तोंडाला लावला. मग भडाभडा बोलली. "सरस्वतीचे आई-बाप वीटभट्टीवर गेल्यात, म्याडम. अजून तीन पोरं तशीच गेल्यात. पावसाच्या आत येतील परत. तोवर केंद्र बंद केलंत तर ती पोरं येतील कुठं? माझी बहीन बदलापूरला एका बाईंकडं हाय. त्यांना परवानगी आठाची आन् पोरं बारा. नाय म्हनवत नाय त्यांना कुनाला. तुमची तपासणी असली की त्या बाई सोसायटीच्या मानसाला त्याच दिवशी बोलवून घेतात. चार पोरं रिक्षानं इकडं येतात. तिकडं आठ भरतात, इकडं पंचवीस."

"आणि नेमकी हीच मुलगी का?"

"रडत नाय, म्याडम. बसवली तिथं बसते, एकदा शिकवलं की इसरत नाय. लई गुणाची हाय."

"तिच्या आईला माहीत आहे?"

"आईला कसं सांगायचं? आई लई संशयी हाय म्हनं," भिमाबाई म्हणाली. "पोरच बोलली, आईला नका सांगू."

माझ्या मुलीला मला न विचारता गावोगाव फिरवतात, परक्या पोरीच्या नावानं उभी करतात! रिक्षा उलटली असती तर? त्याच क्षणी मीनलला उचलून घेऊन जावं आणि दोन्ही दुकानं बंद करावीत, असं मनात आलं. केंद्र बंद करणं माझ्या हातात होतं. पण अहवालात कारण लिहावं लागलं असतं. मग माईंचं नाव आलं असतं, सोसायटीनं परवानगी काढून घेतली असती, आणि बारा आया मुलं घेऊन रस्त्यावर आल्या असत्या. त्यातली पहिली मी.

"किती लिवू हजर?" भिमाबाईनं हळूच विचारलं.

खिडकीतून मला मीनल दिसत होती. बोट अजून तोंडावरच होतं.

"पंचवीस," मी म्हटलं आणि सही केली. माझ्या मुलीला तिथंच सोडून मी ऑफिसला परत गेले. ती दुपार कशी काढली ते माझं मला माहीत.

संध्याकाळी माईंना सुनवायचं म्हणून मी वाक्यं पाठ करत जिना चढले. दारात एक बाई कडेवर तान्हं घेऊन उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "सोमवारपासून रुजू व्हायचंय हो, माई. कुठंच जागा नाही."

"अहो, आठांचीच परवानगी आहे मला," माई तिला सांगत होत्या, आणि सांगता सांगता त्यांनी ते तान्हं स्वतःच्या हातात घेतलंसुद्धा. मला बघून त्या म्हणाल्या, "या हो. मीनल आज अगदी शहाण्यासारखी राहिली. घरातच खेळत होत्या सगळ्या."

मी मीनलचा हात धरला आणि निघाले.

मी काय विचारणार होते? सगळं मला माहीत होतं आणि तेही तिला माहीत होतं. पिठाच्या गिरणीपाशी ती थांबली.

"आई, मी चुकले नाही ना?"

"नाही गं," मी म्हटलं. "अजिबात चुकली नाहीस."

"मग आता जागा नाही ना जाणार?"

मी खाली बसून तिला जवळ घेतलं. "नाही जाणार."

तिनं मला जरा दूर केलं आणि माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. मी खरं बोलतेय की नाही, ते ती तपासत होती.