सुतकातली तारीख

"सोडा बैल, भावजी! आज पान्याची पाळी माझी हाय!" असं ओरडत चांगुणा विहिरीच्या धावेवर बैलांना आडवी झाली. मोट अर्ध्यात थांबली.

सहादेव तिचा चुलतदीर. त्यानं आसूड काखेत मारला न् म्हणाला, "पाळी हाय का न्हाई ते आता कोर्ट सांगंल, वैनी. हिर माझ्या बापानं खांदली. तुमचा हिस्सा कुठं लिवलाय, दावा."

आता दाखवणार काय? विहीर दोघांच्या घरच्या म्हाताऱ्यांनी मिळून खांदलेली, आठ दिवस ह्यांचं पाणी, आठ दिवस त्यांचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्याचा कागद कुणी केला होता? बहात्तर सालचा तो उन्हाळा. धरणाचा कालवा खालच्या अंगानं गेला, आमच्या गावाला तो नुसता बघायला मिळाला. विहिरीनं तळ दाखवला न् माणसांचे डोळे फिरले. चांगुणाला मूलबाळ नाही. नवऱ्यानं मोसंबीची चाळीस झाडं लावली न् दोन वर्षांत तो गेला. तेव्हापासून त्या झाडांपायी ती जगत होती. पाणी तुटलं की झाडं संपली, एवढा सरळ हिशेब.

समन्स आलं. भाऊकीतली बनुबाई म्हणाली, "वकील दे बाई."

"वकील काय सांगंल माझ्यापरीस? हिरीतला गाळ मी उपसला का त्यानं?" चांगुणा फणकारली. पहिल्यापासून बाई तापटच.

तालुक्याच्या कोर्टात सुमंत भाऊसाहेब कारकून होते. माणूस रुक्ष, पण खोटा नव्हे. ते म्हणाले, "बाई, वकील दिला नाही म्हणून कोर्ट तुम्हाला सूट देत नसतं. वकिलानं करायचं ते सगळं आता तुमच्या अंगावर. तुमचं म्हणणं मुदतीत लेखी द्यायचं. त्याची नक्कल समोरच्या वकिलाला पोचवायची, पोच आणायची. आणि तारखेला पुकारा झाला की स्वतः उभं राहायचं. तुम्ही नसलात तर तुमची बाजूच नाही."

तिनं सगळं केलं. शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेतलं, अंगठा उठवला, नक्कल घेऊन भर उन्हात त्या वकिलाच्या ओट्यावर दोन तास बसली, पण पोच घेऊनच उठली. दोन तारखाही चुकवल्या नाहीत.

तिसरी आली न् भाऊकीतले सगळ्यात थोरले रंगनाथबाबा वारले. दहा दिवसांचं सूतक. तारीख पाचव्या दिवशी. आता आमच्याकडं सुतकात माणूस देवाला हात लावत नाही, मग कचेरीत जाऊन शपथा कुठल्या घेतो? चांगुणानं आपल्या मनाशी जुळवलं, 'सूतक मला तसं भावजीलाबी. दोघंबी घरी, मग कोर्ट आयकनार कुनाचं? तारीख आपसूक फुडं जाईल.'

आणि खरं सांगतो, सहादेवही गेला नाही. त्या दिवशी तो ओसरीवर घोंगडीवर पडून होता. चांगुणानं दोनदा डोकावून पाहिलं न् निवांत झाली. पण सहादेवाचा वकील काय आमच्या भाऊकीतला होता? त्याला कसलं आलंय सूतक? पुकारा झाला, तो उभा राहिला. चांगुणाच्या नावानं तीनदा हाक गेली, ओ कुणी दिली नाही.

एकतर्फी निकाल झाला. बेलीफ कागद देऊन गेला, चांगुणानं विहिरीवर पाऊल ठेवायचं नाही.

"घात केलात भावजी!"

"देवाशपथ वैनी, मी घरातनं हाललो न्हाई."

तो खोटं बोलत नव्हता, ह्याचाच तिला जास्त संताप आला.

सुमंतांनी पुन्हा वाट दाखवली. "तीस दिवसांत अर्ज द्या. का आला नाहीत ते शपथेवर लिहा. नक्कल समोरच्याला." पुन्हा मास्तर, पुन्हा अंगठा, पुन्हा तो ओटा. इकडं मोसंबीची पानं वळायला लागली. लांबच्या झऱ्यावरून डोक्यावर घागरी आणून ती एकेका बुडात ओतायची. तरी सहा झाडं वाळलीच.

न्यायाधीशांनी विचारलं, "सुतकात कोर्टात येऊ नये असं कुठं लिहिलंय?"

"लिवलेलं न्हाई सायेब. पन भावजीबी आले नव्हते. त्यास्नी इचारा."

वकिलानं सहादेवाला कोपरानं ढोसलं. सहादेव खाली बघत राहिला. मेलेल्या म्हाताऱ्यापायी खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना. "व्हय," तो म्हणाला, "मीबी घरीच हुतो."

निकाल रद्द झाला. फैसला होईतो पाणी पहिल्यासारखं. "पण बाई, हे एकदाच," न्यायाधीशांनी बजावलं. "पुन्हा पुकाऱ्याला नसलात तर कारण ऐकणार नाही."

उरलेल्या झाडांना पाणी लागलं. फुटवे दिसायला लागले. आणि पुढच्या तारखेला दोन दिवस असताना बायडाबाई गेली.

बायडाबाई म्हणजे सहादेवाची आई. चांगुणा नवरी होऊन आली तेव्हा तिला भाकरी थापायला शिकवली ती हिनं. भांडण कोर्टात गेलं तरी म्हातारी कुडावरून कालवणाची वाटी द्यायची न् लेकाला शिव्या घालायची. तिला शेवटची आंघोळ चांगुणानंच घातली.

तारीख नेमकी सावडायच्या दिवशी.

सकाळी माणसं नदीवर निघाली. चांगुणा कागदाची पिशवी घेऊन बाहेर पडली तशी बनुबाईनं हटकलं, "आगं, हिकडं कुठं?"

"तालुक्याला."

"म्हातारीची राख अजून निवली न्हाई, चांगुणे! जनाची न्हाई तर मनाची तरी!"

"मला कळत न्हाई व्हय? माझी बी सासूच हुती ती. पन तिथं माझ्या नावानं हाक मारत्याल, ओ कोन दील?"

सहादेव पुढं आला. डोळे रडून सुजलेले. म्हणाला, "जावा. पन परत आमच्या उंबऱ्याला पाय लावू नका."

एसटीत तिच्या शेजारी कुणी बसलं असतं तरी तिला कळलं नसतं, इतकी ती रडत होती.

पुकारा झाला. ती उभी राहिली. सहादेवाचा वकील म्हणाला, "माझ्या पक्षकाराच्या मातोश्री वारल्या. मुदत मिळावी."

"मंजूर," न्यायाधीश म्हणाले. एका शब्दात. मग त्यांची नजर तिच्या तोंडाकडं गेली. "बाई, ती म्हातारी तुमची कोण?"

"चुलतसासू, सायेब."

"म्हणजे सूतक तुम्हालाही. मग तुम्हीही मुदत मागायची."

"मागाया तरी मलाच यावं लागतंय ना सायेब? माझ्याकडनं दुसरं कोन येनार?"

न्यायाधीशांनी पुढची तारीख लिहिली. सुमंतांनी अंगठा घेतला न् हळूच म्हणाले, "बाई, आता लगेच निघा. सावडणं असेल ना?"

"झालं आसंल भाऊसाहेब," चांगुणा म्हणाली. "तिथं कुनी पुकारा करत न्हाई, म्हनून तिथलं चुकवलं."

एवढं बोलली न् कोर्टाच्या पायरीवरच खाली बसून तिनं असा गळा काढला, की आतले वकील हातातले कागद टाकून खिडकीशी आले.